भावाशी अबोला, मग देवाशी समेट कसा?

प्रश्न: आम्ही नगरकडचे. सामाईक विहिरीवरून थोरल्या भावाशी अबोला आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आधी दादाकडे जा, मग प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) ये." पण बायबलमधल्या रोमकरांस ५:१० प्रमाणे आपण वैरी असतानाच ख्रिस्ताच्या मरणाने देवाशी समेट झालाय ना? मग ही अट कशाला? (विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल मीच भरतो, हेही सांगून ठेवतो.)

उत्तर १: २ करिंथ ५:१९-२० सलग वाचा. देवाने ख्रिस्तामध्ये जगाचा समेट केला, आणि लगेच हे पत्र लिहिणाऱ्या पौलाची विनवणी, तुम्ही समेट करून घ्या. पुढाकार त्याचा, स्वीकारणं आपलं. पाळक बोलले ते मत्तय ५:२३-२४ मधलं: अर्पण वेदीपुढे राहू दे, आधी भावाकडे जा.

उत्तर २: मी वसईची, कॅथलिक. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल केल्यावर, क्षमा मिळते, पण हडपलेलं परतही करावं लागतं. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने येशूपुढे, लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. बिलाचं सोडा, पाण्याची पाळी कोणाची ते बोला!

प्रश्नकर्ता: पाळीवरूनच तर सगळं पेटलंय. दादा फोन उचलायचा नाही, वहिनींना लावून बघतो. पण त्याने घरातच घेतलं नाही तर?

उत्तर १: रोमकरांस १२:१८. आपल्याकडून होईल तेवढं करायचं. तुम्ही जाऊन या, मग खुशाल प्रभुभोजन घ्या.