ट्रॉली जोडली की वेगळं लायसन?

वर एकांनी लिहिलंय की ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ऊस भरला की ते मालवाहू वाहन होतं आणि साधं लायसन चालत नाही. हे पटत नाही. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची हद्द ७५०० किलो आहे, पण ट्रॅक्टरसाठी ती रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनावर मोजतात. आपल्याकडचा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तो या हद्दीच्या खूप आत आहे. २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की ट्रॅक्टरचं वैध लायसन असलेला चालक केवळ ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही. त्यात ट्रॉलीत दगड भरलेले होते आणि विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढून भरपाई टाळत होती. अपघातानंतर कुणी असं सांगून परत पाठवलं तर हा निकाल वकिलांना जरूर दाखवा.

पण लायसन बरोबर असलं म्हणून वाटेल तेवढा भार टाकता येत नाही, आणि इथे आपण फार बेफिकीर आहोत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, वजनाची मर्यादा लिहिलेली असते. जास्त भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. हंगामात एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढताना उतारावर मागचा भार ट्रॅक्टरलाच ढकलतो, तिथे ब्रेक पुरत नाहीत. तेव्हा ट्रॉली भरण्याआधी आरसी वाचा.