काटा मध्यावर, तरी चौथा सिलेंडर सीज. कूलिंग कसं वाढवू?

शिरोळचा_ऊसवाला
मंडळी, ५५ एचपीचा चार सिलेंडरचा जुना ट्रॅक्टर आहे, वेट लायनरचा (पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला बाहेरून थेट पाणी लागतं). हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढतो. गेल्या हंगामात चौथ्याचा पिस्टन सीज झाला, म्हणजे लायनरमध्ये अडकला, पिस्टन-लायनरचं किट बदललं. यंदा परत तोच चौथा! बाकीचे तीन चकाचक. टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर कधी गेलेला नाही. रेडिएटरच्या जाळीतलं पाचट रोज काढतो. पाणी बोअरचं, कूलंट नाही. आमचा मेस्त्री म्हणतोय मोठा रेडिएटर बसवू आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू. करू का खर्च?

गोशिमा_टर्निंग
थर्मोस्टॅट काढ भावा, आमच्याकडं सगळे काढतात. इंजिन थंडगार.

उद्यमनगर_मेस्त्री
थंडगार हाच तर वांधा हाय. इंजिन कायम ६० अंशांवर चाललं की जळणातली ओल आणि आम्ल लायनरवर धरतं आणि बोअर लवकर झिजतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पंपाकडं परतणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरकडं न जाता थोडं परत पंपातच घुसतं. चढाला लोड आला की मग बघा मजा.

आता काटा. त्याचा सेन्सर पुढं, थर्मोस्टॅटच्या घराजवळ. चारी सिलेंडरांचं पाणी मिसळून येतं, त्याचं तापमान तो दाखवतो. चौथ्या लायनरच्या वरच्या दोन बोटांत जाळ सगळ्यात जास्त, तिथलं लोखंड किती तापलंय हे त्याला कुठनं कळणार? पाणी पुरेसं भरलेलं असून काटा मध्यावर असंल तर रेडिएटर आपलं काम करतोय. मोठा बसवून पैसे घालवू नका. उष्णता अडलीय ती लायनरमधनं पाण्यात जाताना.

शिरोळकडचं बोअरचं पाणी म्हटल्यावर मला वेगळं सांगायला नको, क्षारपड रानं तुमच्याच तालुक्यात हायत. गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला करप धरली की चुलाण कितीबी पेटवा, रसाला ताव लागत नाही. लायनरचं तेच, फक्त उष्णता उलट्या दिशेनं जायची. बिडातनं जेवढी उष्णता जाते, तिच्या वीस-पंचवीस पट कमी क्षाराच्या थरातनं जाते. म्हणजे १ मिलिमीटर क्षार धरला की लायनर इंचभर जाड केल्यागत झालं.

आणि चौथाच का? पंप पुढं, चौथा शेवटी. तिथवर पाण्याचा जोर कमी होतो, गंज-गाळ मागंच बसतो. म्हणून कैक इंजिनांत हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या पत्र्याची) पाण्याची भोकं पुढं बारीक आणि मागं मोठी ठेवतात. किट बदलताना गॅस्केट कुठलं टाकलं? जुन्यावर नवं ठेवून भोकं जुळवली होती का? जुना चौथा लायनर भंगारात गेला नसंल तर त्याची बाहेरची बाजू बघून इथं सांगा.

कोअरशॉप_शिरोली
मी फाउंड्रीत आहे. ब्लॉक ओतताना पाण्याची जागा पोकळ राहावी म्हणून साच्यात वाळूची कोअर ठेवतात, दोन बोअरच्या मधली कोअर फार पातळ असते. ओतताना ती तडकली तर फटीत धातू शिरून जॅकेटमध्ये (पाण्याच्या पोकळीत) पडदा तयार होतो, ओतीव साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याचा हात तिथं पोचत नाही. पण तसं असतं तर नव्यातच बोंब झाली असती. तुमचं इंजिन जुनं, त्यामुळं माझंही मत गाळाकडं.

डिझेलपंप_कागल
चौथ्याचा डिझेल फवारणारा नोझल टेस्टिंगला लावा आधी. थेंब गळत असेल तर डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं, तरीही पिस्टन असाच ओरबाडतो.

उद्यमनगर_मेस्त्री
बरोबर. हेड उघडलंयच तर नोझल तपासूनच बसवा.

शिरोळचा_ऊसवाला
लायनर सापडला. मागच्या निम्म्या बाजूला पांढरा-तांबूस थर, नखानं निघत नाही. ब्लॉकचा मागचा वेल्च प्लग (पाण्याच्या भोकावरचं पत्र्याचं बूच) काढला तर आत गच्च गाळ, पाणीच येईना, तारेनं टोकरावं लागलं. गॅस्केटची भोकं मात्र जुळतात. आता संडासचं ॲसिड टाकून धुऊ का? आणि मागची भोकं अजून मोठी पाडू?

उद्यमनगर_मेस्त्री
ते ॲसिड अजिबात नको, ॲल्युमिनियम आणि रेडिएटरचं झाळकाम खातं. लायनर काढलेलेच हायत तर गाळ हातानं उकरा, मागच्या प्लगातनं प्रेशरनं पाणी मारा. इंजिन जोडल्यावर उरलेल्या क्षाराला सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाणी येईतो धुवायचं. भोकांना हात लावू नका, कड कमजोर झाली की गॅस्केट फुटतंय.

भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि डिझेलच्या वेट लायनरला चालणारा कूलंट. तो नसला तर लायनर थरथरून बाहेरनं बारीक खड्डे पडतात, पार भोक पडून पाणी ऑइलात जातं. रेडिएटरचं झाकणही बदला. आपण ५५० मीटर उंचीवर, उघड्यावर पाणी ९८ लाच उकळतंय. ०.९ बारचं झाकण नीट धरत असंल तर ११५ च्या पुढं जातं. रबर गेलेलं झाकण म्हणजे चौथ्यापाशी वाफ.

थर्मोस्टॅट ठेवा.