सात पार्क, आठ माणसं आणि चौथीतला चिनू

(आमच्या ‘घरचेच’ ग्रुपवरची अमेरिकेतल्या ट्रिपची चर्चा. गुड मॉर्निंगची फुलं, ‘ओके’ आणि आत्याचे तीन मिनिटांचे व्हॉइस मेसेज वगळले आहेत. नावं माझ्या फोनमध्ये आहेत तशीच.)

शनिवार, 31 ऑगस्ट 2024

दादा: मंडळी, आई-बाबांच्या ट्रिपचा प्लॅन फायनल! 12 ते 20 ऑक्टोबर. कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनहून निघायचं. जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, आर्चेस, कॅन्यनलँड्स, ग्रँड कॅन्यन. नऊ दिवस, सात नॅशनल पार्क. एक्सेल टाकलीय, बघून घ्या.

वहिनी: फायनल कधी झालं? मी शेजारच्याच खोलीत आहे.

आई: उघडत नाहीये. त्यात चहा कधी आहे तेवढं सांग.

नागपूरचा मामा: डेथ व्हॅली? अहो, नावातच लिहून ठेवलं आहे. ताई, कशाला जाऊन राहिले तिकडे? आपल्या नागपूरचा मे काय कमी पडला?

मी: मामा, जुलैत तू म्हणतोस ते खरं आहे. यंदाचा जुलै तिथला आजवरचा सगळ्यात गरम महिना ठरला. दिवस-रात्र मिळून सरासरी 42.5 अंश. पण ऑक्टोबरात दुपारचं सरासरी 34 असतं. नागपूरकरांनी स्वेटर आणावा.

बाबा: जगातलं नोंदलेलं सर्वाधिक तापमान तिथलंच. 10 जुलै 1913, फर्नेस क्रीक, 56.7 से. त्या नोंदीवर शंका घेणारेही आहेत, पण अधिकृत विक्रम अजून तोच. वाटेत बेकर नावाच्या गावात 134 फूट उंच थर्मामीटर आहे, कारण 56.7 म्हणजे 134 फॅरेनहाइट. तिथे थांबायचं.

दादा: बाबा, ते शीटमध्ये नाहीये.

बाबा: मग शीटमध्ये घाल.

आत्या (ह्यूस्टन): मी आणि हे काही वर्षांपूर्वी जाऊन आलो. अरे, नऊ दिवसांत सात म्हणजे पार्क नाही, पार्किंग बघून याल. ब्राइसहून मोआब, म्हणजे आर्चेसजवळचं गाव, साडेचार-पाच तास. मोआबहून ग्रँड कॅन्यन परत साडेपाच-सहा. मध्ये तीन वर्षांची छोटी, दादाच्या बीपीच्या गोळ्या आणि वहिनीचा गुडघा.

(आत्याचा ‘दादा’ म्हणजे बाबा आणि ‘वहिनी’ म्हणजे आई. आमच्या ग्रुपवर नव्या माणसाला हे कळायला महिना लागतो.)

आई: माझ्या गुडघ्यासाठी कोणी काही रद्द करू नका. फक्त एवढंच, मी चढून काही बघणार नाही आणि वाकून काही बघणार नाही. सरळ चालत गेल्यावर जे दिसेल ते दाखवा.

वहिनी: आई, हा या ग्रुपवरचा पहिला कामाचा मेसेज.

बाबा: आर्चेसमधली डबल आर्च, ती दगडी कमान, पडली म्हणे याच महिन्यात. बातमी होती. मग तिथे जाऊन बघायचं काय?

मी: बाबा, ती वेगळी. 8 ऑगस्टला पडली ती ग्लेन कॅन्यनमधली, लेक पॉवेलच्या काठावरची. नाव तेच. आर्चेसची डबल आर्च शाबूत आहे.

दादा: बघा! आणि तिथली डेलिकेट आर्च तर बघायलाच हवी. जाऊन-येऊन फक्त 3 मैल.

आत्या: त्या तीन मैलांत सावलीला एक झाड नाही, आणि 480 फूट चढ आहे. वहिनीचा मेसेज परत वाच. शिवाय आर्चेसला यंदा 31 ऑक्टोबरपर्यंत सकाळी 7 ते दुपारी 4 या वेळात आत जायचं तर आधी वेळ बुक करावी लागते.

दादा: मी विचार करतो.

(दादाचं ‘विचार करतो’ म्हणजे तो रुसला आहे.)

नागपूरचा मामा: ही बघा आजची बातमी. ग्रँड कॅन्यनचं पाणी गेलं! पाइप फुटला, हॉटेलं बंद. आमच्याकडे एक दिवसाआड येते नळाला, पण हॉटेल बंद नाही पडत हो.

बाबा: खरंच आहे. 29 तारखेपासून साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, रात्रीचा मुक्काम बंद केलाय. साडेबारा मैलांची पाइपलाइन आहे, 1960च्या दशकातली. दरीच्या उत्तर अंगाच्या झऱ्यातून पाणी घेऊन दरीच्या पोटातून इकडच्या काठावर आणतात. 2010 पासून 85 हून जास्त वेळा मोठी फुटलीय. आता नवीन टाकण्याचं काम चालू आहे. अशा ठिकाणी लाइन टाकणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालीन. दुरुस्तीला हेलिकॉप्टरने जावं लागतं.

(बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पुढचे अकरा मेसेज व्हॉल्व्ह आणि प्रेशर यांवर होते.)

वहिनी: मी तुसायनमध्ये खोल्या बघते. पार्कच्या वेशीबाहेर, दरीच्या काठापासून सहा-सात मैलांवर आहे. तिथलं पाणी वेगळं, ती हॉटेलं चालू आहेत.

रविवार, 1 सप्टेंबर

आई: कालनिर्णय बघितलं. 12 ला दसरा आहे. दसऱ्याला गाडीची पूजा केल्याशिवाय कोणी किल्ली फिरवायची नाही.

दादा: आई, गाडी भाड्याची आहे. 12 सीटर.

आई: तिला काय कळतंय भाड्याची आहे ते? झेंडू मिळतात ना तिकडे?

मी: मिळतात. फक्त हार काचेसमोर लटकवायचा नाही, पोलीस अडवतील. पूजा झाली की काढून डॅशबोर्डवर.

आई: आणि 16 ला कोजागिरी.

दादा: 16 ला रात्री आपण मोआबला पोचतोय, साधारण साडेनऊला.

आई: म्हणजे कोजागिरीचा चंद्र गाडीच्या काचेतून.

मी: एक सुचवू? 16 ला ब्राइसमध्येच राहू या. ते नावाला कॅन्यन आहे. खरं म्हणजे डोंगराच्या कडेला कोरलेलं अर्धगोल नाट्यगृह, आणि त्याचं तोंड पूर्वेला. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र उगवतो. आपण सनसेट पॉइंटच्या कठड्याशी उभे आणि समोर त्या हजारो दगडी सुळक्यांवर चंद्र वर येतोय. सनसेट ते सनराइज पॉइंट अर्धा मैल, डांबरी, जवळजवळ सपाट. आई चढणार नाही, वाकणार नाही.

आई: दूध कुठे आटवायचं?

आत्या: हॉटेलच्या खोलीत आटवू नकोस बाई. आम्ही पिठलं केलं तेव्हा धुराचा अलार्म वाजून पूर्ण मजला खाली पार्किंगमध्ये उभा होता. थर्मास ने, मायक्रोवेव्हमध्ये गरम कर.

मी: आणि थंडीचे कपडे. तो काठ आठ हजार फुटांवर आहे, कळसूबाईपेक्षा अडीच हजार फूट वर. ऑक्टोबरात रात्री पारा शून्याच्या आसपास. तीन दिवस आधी डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली घाम पुसत असू. एकाच बॅगेत टोपी, सुती कुर्ता आणि कानटोपी.

दादा: पण चिनूला तारे बघायचेत. पौर्णिमेला काय दिसणार? त्याला मी आकाशगंगा प्रॉमिस केलीय.

मी: डेथ व्हॅलीत 14 च्या पहाटे 4 ला उठव. तोवर चंद्र मावळलेला असेल. मृग नक्षत्र असं लखलखेल की दिवा लागणार नाही. अंधारासाठी त्या पार्कला वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे.

वहिनी: 4 ला ‘दादा’ उठवेल. मी नाही.

दादा: ठीक आहे. आर्चेस, कॅन्यनलँड्स गेले. पण मग डेथ व्हॅलीत रेसट्रॅक हवा. दगड आपोआप सरकतात, मागे रेघा उठतात तो.

बाबा: आपोआप नाही. पाणी साचून रात्री पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटून वाऱ्याने सरकतो आणि दगडाला ढकलतो. 2014 मध्ये सिद्ध झालं. दगड सरकताना बघायला तू तिथे दहा वर्षं बसशील.

आत्या: आणि रस्ता! 26 मैल कच्चा, दगड सुरीसारखे. आमचा टायर तिथेच फाटला. फोनला रेंज नाही. तीन तासांनी एका भल्या माणसाने जॅक दिला. गाडी देणाऱ्या कंपनीने मग करार काढून दाखवला: डांबरी सोडून गेलात तर सगळा खर्च तुमचा. कोणी वाचतो का तो करार? ह्यांनी वाचला नव्हता.

बाबा: गूगल सांगेल त्या कच्च्या रस्त्यालाही वळायचं नाही. 1996 मध्ये एक जर्मन कुटुंब भाड्याची व्हॅन घेऊन तिथे आडवाटेला गेलं. जुलै होता. अवशेष सापडले 2009 ला.

नागपूरचा मामा: म्हटलं ना, नावातच लिहून ठेवलं आहे.

मी: ठरलं मग, फक्त डांबरी. नकाशे आधी उतरवून ठेवायचे. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे आठ जणांना रोज तीस लिटर. टाकी पार्कात शिरण्याआधी भरायची, आत पेट्रोल महाग आहे. बॅडवॉटरचं मिठाचं मैदान सकाळी, झॅब्रिस्की पॉइंट सूर्योदयाला, दुपारी खोलीत एसी लावून पत्ते.

आई: पत्ते मी आणते. मेंढीकोटला आठ जण बरोबर होतात.

गुरुवार, 5 सप्टेंबर

बाबा: पाइपलाइन दुरुस्त. साउथ रिमची हॉटेलं आजपासून सुरू. आठवड्यात केलं. आपल्याकडे निविदाच निघाली असती.

वहिनी: मग आतल्या खोल्या बघू? रद्द झालेल्या कधीतरी मिळतात म्हणे.

मी: वहिनी, तुसायनच ठेव. लाइन परत फुटली तर आपण आठ जण कुठे जाणार?

आत्या: आणखी एक भानगड लक्षात ठेवा. घड्याळ. युटा ॲरिझोनाच्या एक तास पुढे, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. पण ॲरिझोनातलाच नावाहो लोकांचा प्रदेश पाळतो! ॲरिझोनातल्या पेज गावात फोन कधी हा टॉवर पकडतो, कधी तो. आमची तिथल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीची वेळ तासाने चुकली होती.

दादा: तासाने उशिरा?

आत्या: तासाने लवकर. उन्हात बसलो. तिकिटावर पेजची म्हणजे ॲरिझोनाची वेळ असते. आणि ती जागा नावाहो लोकांची, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, नॅशनल पार्कचा पास चालत नाही. खालच्या अँटिलोपला उभ्या लोखंडी शिड्या आहेत, वहिनीने वरच्या अँटिलोपला जावं.

आई: झायनमध्ये काय आहे माझ्यासाठी?

मी: शटल बस आहे, फुकट. मुख्य दरीतल्या रस्त्यावर आपली गाडी नेताच येत नाही. शेवटच्या स्टॉपला नदीकाठची रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन 2.2 मैल, बहुतेक सपाट. दोन्हीकडे हजार-हजार फुटांच्या लाल भिंती. बाबा, त्या भिंती म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या, दगड झालेल्या. वाऱ्याच्या तिरक्या रेघा अजून दिसतात. मुलांना नदीत डुबकी मात्र नाही, पाण्यात विषारी शेवाळ असतं.

दादा: मी एंजल्स लँडिंगच्या परवान्याच्या लॉटरीत नाव घालतोय. एकटा जाईन.

वहिनी: साखळी धरून जायचा कडा तो? घाल. मुलांच्या फीसाठी विमा आहे तुझा.

नागपूरचा मामा: ग्रँड कॅन्यनमध्ये शंकराचं देऊळ आहे म्हणे? फॉरवर्ड आला. ‘अमेरिकेने लपवलेलं सत्य’.

बाबा: लपवलेलं काही नाही, नकाशावर छापलंय. देऊळ नाही, सुळका आहे. क्लॅरेन्स डटन नावाचा भूवैज्ञानिक 1880 च्या सुमाराला तिथे होता. त्याला ते सुळके पूर्वेकडच्या मंदिरांसारखे वाटले. त्याने विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली, पुढच्यांनी री ओढली. ब्रह्मा आहे, कृष्ण आहे, राम आहे, बुद्ध आहे. सगळ्यात तळच्या काळ्या खडकाचं नावही विष्णू. वय सुमारे 175 कोटी वर्षं. आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, म्हणजे नातवंड.

आई: विष्णू तळाशी आणि विष्णूच शिखरावर. बरोबरच आहे. काठावरून नमस्कार करता येईल ना?

मी: आई, डेझर्ट व्ह्यूकडून. पेजहून येताना तीच वाट.

रविवार, 8 सप्टेंबर

मी: गणपती गेले का तुमचे, वहिनी? आता पैसे. बारा सीटरची व्हॅन एक. यंदा जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली 30-30, बाकी तिन्ही 35 डॉलर. वर्षाचा पास 80 चा. पासच घेऊ.

आत्या: थांबा थांबा. चिनू यंदा चौथीत ना? चौथीतल्या मुलांना नॅशनल पार्कचा पास फुकट असतो. ‘एव्हरी किड आउटडोअर्स’च्या साइटवर त्यानेच भरायचं. एक सप्टेंबरला नव्या वर्षाचे सुरू झाले. त्याच्यासोबत गाडीतले सगळे आत. पण कागदावर छापून न्यायचं, फोनवरचं चालत नाही.

दादा: काय सांगतेस! म्हणजे आठ जण फुकट?

आत्या: आठ नाही. चिनू आणि त्याचे सात पाहुणे.

वहिनी: भरलं. त्यानेच भरलं, मी फक्त शेजारी बसले. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

आई: शाब्बास रे माझ्या राज्या!

वहिनी: आई, शाब्बास जपून म्हणा. त्याने खालचा मेसेज टाइप करायला माझा फोन घेतलाय.

वहिनी: मी चिनू आहे. पास माझा आहे म्हणून पुढची खिडकी माझी. आजोबांनी थर्मामीटरपाशी थांबायचं, चालेल. आजी पत्त्यात माझ्याकडून. बाबांनी एक्सेल आणायची नाही.

दादा: खिडकीबद्दल बोलू.

आई: काय बोलायचंय त्यात? पास त्याचा आहे.