ग्लोरिया गेनरचा दुसरा अल्बम: एक बाजू अखंड, दुसरी विस्कळीत का?

सुईटोक:
डिस्को गायिका ग्लोरिया गेनरच्या 'एक्सपीरिअन्स ग्लोरिया गेनर' (१९७५) ची पहिली बाजू 'कॅसानोव्हा ब्राउन', 'इफ यू वाँट इट, डू इट युवरसेल्फ' आणि 'हाऊ हाय द मून' अशी एका दमात जाते. तबकडी उलटली की ओघ तुटतो. हे कशामुळे? दुसऱ्या बाजूचं गाणं पहिलीच्या ओघात मिसळायचं तर कसं? शिवाय 'हाऊ हाय द मून'मध्ये 'स', 'श' फाटून येतात, तबकडी धुऊनही.

खर्जातला:
पहिल्या अल्बमची घडण लक्षात घ्या. तिथे 'हनी बी', 'नेव्हर कॅन से गुडबाय' आणि 'रीच आउट, आय विल बी देअर' ही तीन गाणी मिक्सिंग करणाऱ्या टॉम मोल्टननी न थांबता जोडली. जवळपास १९ मिनिटांची बाजू. उलट बाजूला सुटी पाच गाणी. दुसऱ्या अल्बमवर तोच साचा पुन्हा आला, म्हणून विषमपणा आखणीतच आहे. गेनरच्या गळ्याला मी बिलकुल दोष देणार नाही. लांबवलेल्या मिक्समध्ये गायिकेला जागा कमी मिळते, पण जिथे मिळते तिथे ती शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवते आणि गाणं सोल राहतं.

खरी अडचण 'हाऊ हाय द मून'ची. १९४० सालचं ब्रॉडवेचं गाणं. चाल जी मेजर या स्वरपट्टीत लिहिली तर ती एफमध्ये उतरते, पुढे ई फ्लॅटमध्ये. डिस्कोचा ब्रेक (गाणं थांबून नुसता ताल चालतो तो तुकडा) मात्र एका कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर, तळ ठोकून बसतो. एवढी सरकती चाल लांबवायची तर तिला मध्येच थांबवावं लागतं. 'रीच आउट'ला ही अडचण तितकी जाणवत नाही. तरीही माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात धाडसी काम हेच.

दोनडेक:
मिसळण्याबद्दल. दोन्ही गाण्यांचे ठोके ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मोजणी गाण्याच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. ड्रमर माणूस आहे, लय एक-दोन बीपीएम (मिनिटाला ठोके) सरकते. जोड जिथे द्यायची तिथलाच आकडा धरा. ११८ चं गाणं १२२ ला न्यायचं तर वेग सुमारे ३.४ टक्के वाढतो, म्हणजे सूर अर्ध्या सेमीटोनहून थोडा जास्त चढतो. याच्या वर गेलात तर आवाज पातळ लागतो. त्यापेक्षा एक गाणं दोन बीपीएमने वाढवा, दुसरं दोनने उतरवा.

जोड फक्त ड्रमच्या ब्रेकवर. ३२ ठोके म्हणजे १२० बीपीएमला १६ सेकंद. तेवढ्यात काम उरकायचं. येणाऱ्या गाण्याचा खर्ज (बेस) पूर्ण कापून ठेवा, पुढच्या ओळीच्या पहिल्या ठोक्यावर तो उघडा आणि त्याच क्षणी जाणाऱ्याचा कापा. दोन बेस एकत्र वाजले की सगळा चिखल होतो. कॉर्ड हलत असताना 'हाऊ हाय द मून'मध्ये जोड देऊच नका, सूर भांडतात.

सुईटोक:
म्हणजे माझे जोड बेसमुळे बिघडत होते. आणि 'स'चं?

खर्जातला:
ते गाणं बाजूच्या शेवटी, लेबलाजवळ आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, आत सुमारे २१. तेवढ्याच आवाजाच्या लाटा निम्म्याहून कमी जागेत कोंबलेल्या असतात. गोल टोकाची सुई त्यातून नीट वळत नाही. लंबगोल किंवा मायक्रोलाइन (त्याहून बारीक धारेचं) टोक घ्या, सुईचं वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) तबकडीच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीच्या बिंदूंवर जुळवलेलं असेल तर ६०.३ आणि ११७.४ वर जुळवून पाहा. आतल्या खाचा साफ होतात, मधल्या थोड्या बिघडतात.

आधी दुसऱ्या एखाद्या तबकडीचं शेवटचं गाणं लावा. तिथेही 'स' फाटत असेल तर जुळवणीचा किंवा सुईचा दोष. नसेल तर जुन्या, झिजलेल्या सुईने खाचच खरवडलेली आहे. मग दुसरी प्रत शोधा.