मेटल डिटेक्टर नेमका किती वेगाने फिरवायचा?

सातारकर_लेस्टर:
इथे इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका शेतकऱ्याने शेतात जुनी नाणी शोधायला परवानगी दिली, म्हणून हौसेने इक्विनॉक्स ८०० हा मेटल डिटेक्टर सेकंडहँड घेतला. तीन रविवार झाले. मिळकत: खिळे, काडतुसांची बुडं आणि बायकोचे टोमणे. सोबतचे आजोबा मात्र त्याच पट्ट्यात, माझ्याच मागून येत, चांदीचं हॅमर्ड (हातोड्याने ठोकून पाडलेलं, जुनं) नाणं काढतात! इतके सावकाश की मला वाटायचं गुडघे दुखत असतील. मी आपला गवत कापल्यासारखा सपासप. घरी परसात १ रुपयाचं नाणं वीतभर खोल पुरून पाहिलं, हळू फिरवूनही धड आवाज नाही. वेगाचा खरंच काही संबंध आहे का?

ढेकूळ:
आहे. पण आधी तो रुपया उकरून काढा! स्टेनलेस स्टीलचा तो, चुंबकाला चिकटतो. त्यावर कसली परीक्षा घेताय? तिथलंच १९९२ च्या आधीचं २ पेन्स पुरा, ते ब्राँझचं. नंतरच्यांना नुसता तांब्याचा मुलामा, आत पोलाद.

आता वेग. कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) हलत असेल तरच हे मशीन बोलतं. जमिनीचा सिग्नल हळूहळू बदलतो, नाण्याचा पटकन चढतो-उतरतो. त्या फरकावरच आवाज येतो. म्हणून नाण्यावर कॉइल थांबवली की गप्प (नेमकी जागा हेरायचा पिनपॉइंट मोड वेगळा). उलट सपासप फिरवलीत तर खोलवरचा मंद सिग्नल ‘टिक’ करून संपतो, आणि खिळ्याशेजारचं नाणं खिळ्याच्याच आवाजात बुडतं. डावीकडून उजवीकडे आणि परत, मिळून २ ते ३ सेकंद घ्या. रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर मशीन पुढच्यासाठी किती लवकर तयार होतं, ते सेटिंग) कितीवर आहे?

सातारकर_लेस्टर:
७. विकणाऱ्याने ठेवला होता तसाच.

ढेकूळ:
खिळ्यांच्या गर्दीत ठीक. मोकळ्या कुरणात ४ वर आणा, खोली वाढेल. फक्त मग हातही तेवढाच सावकाश हवा.

बेंडिगोकर:
आम्ही इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात सोन्यासाठी पल्स इंडक्शन (थांबून थांबून चुंबकीय ठोके सोडणारं) मशीन वापरतो, ते तर याहूनही हळू. मला मात्र दुसरीच शंका येते. घाईत फिरवणाऱ्यांची कॉइल टोकाला झोपाळ्यासारखी वर जाते. मध्ये जमिनीलगत, कडेला वीतभर वर. तेवढी खोली हवेतच गेली की! मोबाइलवर स्वतःचं चित्रण करून बघा.

सातारकर_लेस्टर:
केलं. झोपाळाच आहे. लाज वाटली.
चिल्लरीच्या डब्यात १९७१ चं २ पेन्स सापडलं, तेच आता पुरलंय. सावकाश फिरवलं की दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज, जुन्या सवयीने फिरवलं की नुसता टिक. बायको खिडकीतून बघत होती, म्हणाली, “स्वतःच पुरलेलं सापडलं एकदाचं.”