ईटिंग डिसऑर्डरमधून बरं होणं म्हणजे नक्की काय?

प्रश्न: अनोरेक्सियातून (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडायचा आजार) बाहेर येतेय, वजन ठीक आहे, पाळीपण परत सुरू झाली, घरचे म्हणतात झालीस की बरी! पण पोळीला तूप दिसलं की अजून पोटात गोळा येतो. तुमचं कसं?

उत्तर १: वजन आधी येतं गं, डोकं मागून. माझं तर उपासाआड लपलेलं, संकष्टी, गुरुवार, एकादशी, कोणी विचारायचंच नाही, उलट कौतुक. यंदा गणपतीत आजीने दुसरा मोदक वाढला नि मी गप्पा मारत खाल्ला, मोजलाच नाही हे नंतर लक्षात आलं.

उत्तर २: मुलग्यांनापण होतं बरं का. मला बुलिमिया, म्हणजे एकदम खूप खायचं नि मग उलटी काढून किंवा उपाशी राहून ते भरून काढायचं. अजून कधीतरी घसरतो, पण दुसऱ्या दिवशी उपाशी राहत नाही, पोहे खातो.

उत्तर ३: तुपाचं थेरपिस्टला सांग. रात्री फारच झालं तर टेली मानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फ्री आहे.