नोव्हेंबरची सहल, सॅन पेद्रो आणि ते टॉवर

प्रेषक: सहल समिती
विषय: सहल – सॅन पेद्रो नदी

मंडळी, नमस्कार.
दिवाळीचा कार्यक्रम दणक्यात झाला, आता सहल. नदीकाठची कॉटनवूडची झाडं नोव्हेंबरात पिवळीधमक होतात, ते बघायचं. दक्षिण ॲरिझोनात, सिएरा व्हिस्टाच्या पूर्वेला सॅन पेद्रो हाऊसपाशी सकाळी जमू, काठाकाठाने चालू, दुपारी डबे. मसालेभात समितीकडून. कोशिंबीर आणि गोड कोण आणणार ते इथेच कळवा. मागच्या वेळी तिघांनी श्रीखंड आणलं होतं आणि पाणी कोणीच नाही.

प्रेषक: नंदू, चँडलर
विषय: उत्तर: सहल – सॅन पेद्रो नदी

आम्ही चौघे येतो. जिलबी माझ्याकडे.
एक शंका. त्या दरीत म्हणे आता सनझिया नावाच्या नव्या वीजवाहिनीचे अजस्र टॉवर उभे राहिलेत. ऑफिसातला एक जण म्हणाला, दरीची वाट लावली. मला या विरोधाचं गणितच कळत नाही. न्यू मेक्सिकोच्या वाऱ्यावर साडेतीन हजार मेगावॅट तयार होणार, कोळसा नाही, धूर नाही, आणि ती वीज आणायला तारा नकोत? उन्हाळ्यात आपण सगळे एसी लावून बसतो. पवनचक्की हवी, पण शेजाऱ्याच्या वावरात, असला प्रकार वाटतो. पर्यावरणवाल्यांनीच वाऱ्याच्या विजेला कोर्टात खेचावं म्हणजे कमाल झाली.

प्रेषक: अण्णा, टूसॉन
विषय: टॉवर (होते: सहल – सॅन पेद्रो नदी)

चि. नंदू,
आधी सहलीपुरतं. आपण जातोय तिथे टॉवर आडवे येणार नाहीत. ही नदी मेक्सिकोत, सोनोरातल्या कानानेआजवळ उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत विंकलमनला हीला नदीला मिळते. म्हणजे नकाशावर जे वर दिसतं ते खालचं खोरं. आपली सहल वरच्या खोऱ्यात. तिथल्या सुमारे चाळीस मैल नदीला १९८८ साली केंद्र सरकारने संरक्षण दिलं. लाइन नदी ओलांडते ती बेन्सनच्या उत्तरेला, आणि मग खालच्या खोऱ्यातून पन्नासेक मैल जाते. भांडण आहे ते या पन्नास मैलांचं.

आता गणित. मला लाइनींचं वावडं नाही, हे तुला माहीत आहे. वीज मंडळात असताना चंद्रपूर–पडघे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनच्या कामावर काही वर्षं काढली आहेत. ५०० केव्ही (म्हणजे पाच लाख व्होल्ट), ७५२ किलोमीटर, १,५०० मेगावॅट. त्या काळी आम्हाला केवढा अभिमान! विदर्भातला एक शेतकरी टॉवरचे पाय रोवताना रोज बांधावर येऊन बसायचा. एक दिवस विचारलंन, "साहेब, ह्याच्यावर आमच्या घरी दिवा लागंल का?" डीसी लाइनीला मधे कुठे आकडा टाकता येत नाही, दोन टोकांना कन्व्हर्टर, मधल्यांनी नुसतं बघायचं. मी त्याला काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

सनझिया त्याच जातीची, पण दुप्पट वीज वाहणारी: ५५० मैल, ५२५ केव्ही, तारांतून ३,००० मेगावॅट. वीज मुख्यतः कॅलिफोर्नियाला. खालच्या खोऱ्यातल्या कास्काबेलच्या लोकांना तारांची सावली तेवढी मिळणार.

पण त्या लोकांचं म्हणणं "वाऱ्याची वीज नको" असं कधीच नव्हतं. सरकारी सुनावण्या २००९ पासून. तेव्हापासून ते एकच सांगत आले: लाइन न्या, पण दुसरीकडून न्या, या नदीकाठाने नको. वाळवंटी नैर्ऋत्येत धरण न बांधलेली, मोकळी वाहणारी एवढी मोठी नदी ही शेवटचीच. जवळजवळ चारशे जातींचे पक्षी हिच्या आसऱ्याला असतात. कित्येक पक्ष्यांचा मेक्सिकोहून उत्तरेकडे जायचा हाच हमरस्ता.

सरकारच्या अहवालात टूसॉनकडून जाणारा आणि अरावाइपाकडून जाणारा असे दुसरे मार्ग होते. ते मागे पडले आणि २०१५ च्या जानेवारीत या खोऱ्यावर शिक्का बसला. पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वीज आयोगाने मंजुरी दिली.

आता गंमत बघ. न्यू मेक्सिकोत लष्कराचं क्षेपणास्त्र चाचणीचं मैदान आहे, व्हाइट सँड्स. तारा आमच्या चाचण्यांच्या आड येतील, अशी लष्कराने हरकत घेतली. लगेच काही मैल लाइन जमिनीखालून न्यायचं ठरलं, आणि पुढे २०२३ मध्ये तिथला मार्गच बदलून मंजूर झाला. म्हणजे लाइन हलते. फक्त हलवायला सांगणारा कोण आहे, ते बघितलं जातं.

टोहोनो ऑओधाम आणि सॅन कार्लोस अपाची या इथल्या मूळच्या जमातींनीही तेच सांगितलं होतं. या खोऱ्यात त्यांच्या पूर्वजांच्या वस्त्या आहेत, दफनं आहेत, औषधी वनस्पती गोळा करायच्या जागा आहेत. त्यांच्या म्हणण्यानुसार एकेक ठिकाण मोजून "इथे खापरं सापडली, बाजूने जा" असं करून भागत नाही. सगळी दरीच त्यांच्या श्रद्धेची. पंढरीची वाट कुठल्या फुटापासून कुठल्या फुटापर्यंत पवित्र, हे आपल्याला कोणी टेप घेऊन विचारलं तर काय सांगशील? २०२३ च्या सप्टेंबरात काम सुरू झालं, नोव्हेंबरात जमातींशी बोलण्यासाठी थोडे दिवस थांबवलं, परत सुरू केलं. २०२४ च्या जानेवारीत दोन्ही जमाती आणि त्यांच्यासोबत दोन संस्था कोर्टात गेल्या. इथल्या न्यायाधीशांनी आधी स्थगिती नाकारली, मग जूनमध्ये दावाच काढून टाकला: मार्ग २०१५ लाच ठरला होता, आता उशीर झाला. मे २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील कोर्टाने तो निकाल उलटवला. सरकारने २०१४ च्या करारात जमातींशी सल्लामसलत करायचं जे कबूल केलं होतं ते पाळलं नाही, या आरोपात दम आहे, दावा चालवा, असं सांगितलं. तोवर टॉवर उभे. वरातीमागून घोडं.

एवढं लिहिल्यावर जेवायला हाक आली आहे. माझं मत विचारशील तर लाइन हवीच होती. इथून नको होती.
– अण्णा

प्रेषक: नंदू, चँडलर
विषय: उत्तर: टॉवर

अण्णा, लष्कराचा मुद्दा लागला. तो मला माहीत नव्हता.
पण टूसॉनकडून नेली असती तर टूसॉनकर कोर्टात गेले असते, आणि तुम्हीसुद्धा त्यांत असतात! पहिला अर्ज गेला तेव्हा मी शाळेत होतो. आता माझा मुलगा शाळेत जातो. प्रत्येक लाइनीला एवढी वर्षं लागली तर कोळसा बंद कधी करणार?
आपल्याकडे माळढोकाचं तेच झालं ना? सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं, राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घाला. २०२४ मध्ये स्वतःच म्हणाले की सरसकट हे जमणार नाही, तज्ज्ञांची समिती बघेल.

प्रेषक: अण्णा, टूसॉन
विषय: उत्तर: उत्तर: टॉवर

टूसॉनकर गेलो असतो, कबूल. फरक एवढाच की आमचं कोणीतरी ऐकलं असतं.
माळढोकाचं म्हणशील तर मी नान्नजच्या माळावर तो उडताना बघितला आहे. जड पक्षी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. सोलापूरकडे आता तो दिसला तर बातमी होते. तारा हे एकच कारण नव्हे, पण कोर्टाची समिती बसेपर्यंत पक्षी थांबत नाहीत.

प्रेषक: माई, टूसॉन
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: टॉवर

यांना जेवायला हाक मीच मारली होती, भाजी गार झाली ती झालीच.
तुम्ही दोघं केव्ही आणि मेगावॅट बोलताय म्हणून मी आपली चार ओळी लिहिते. गेल्या वर्षी आम्ही कास्काबेलकडे गेलो होतो. कास्काबेल म्हणजे स्पॅनिशमध्ये घुंगरू, आणि शेपटी वाजवणारा सापही. मला नाव फार आवडलं. साप नाही दिसला, देवाची कृपा. रस्ता पुढे कच्चा होतो. नदीवर पोचलो तर नदीच नाही! नुसती पांढरी वाळू, तिच्यावर जनावरांच्या पावलांच्या रांगा. एके ठिकाणी कुठल्याशा जनावराने हातभर खड्डा उकरला होता आणि तळाला पाणी झिरपलेलं. अगदी आमच्या माहेरच्या माणगंगेतला झिरा. उन्हाळ्यात आई वाटीने पाणी भरायची, तसा. पाणी असतं, वाळूखालून चालतं. म्हणूनच काठाला एवढी हिरवी झाडं.

काठावर मेस्किटचं जंगल. हे झाड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, हिच्या शेंगा गोड. इथले मूळचे लोक त्या वाळवून दळतात. एका घरी पीठ विकत मिळालं, दालचिनीसारखा वास. घरातल्या बाईंना मी टॉवरबद्दल विचारलं. त्या काही रागाने बोलल्या नाहीत. म्हणाल्या, कामाच्या दिवसांत हेलिकॉप्टर इतकं घोंघावायचं की कुत्रं पलंगाखालून बाहेर येईना. आणि मला अंगणाच्या एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे खुर्ची टाकली की शेड मधे येतं आणि टॉवर दिसत नाहीत. आता तिथेच चहा पितात.

त्या पिठात निम्मं ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर घालून थालीपीठ लावलं. पहिलं तव्याला धरलं, कारण पीठ गोड असल्याने पटकन करपतं. दुसऱ्यापासून आच मंद ठेवली. सहलीला तीस करून आणते. लोणी कोणीतरी आणा.

प्रेषक: सहल समिती
विषय: उत्तर: सहल – सॅन पेद्रो नदी

माईंच्या थालीपिठांची नोंद केली आहे. लोणी: अजून कोणी नाही. पाणी: अजून कोणी नाही. अण्णा, नंदू, तुम्ही दोघं पाण्याचे दोन-दोन मोठे जार आणा, आणि एकाच गाडीने आलात तरी चालेल, वाटेत बोलणं होईल.